चाकाखालची जमीन कोणाची?

वसई-विरारमध्ये फोर-बाय-फोर गाडी घेणाऱ्याला दोन दिशांना मोकळं रान दिसतं. पश्चिमेला अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव अशी वसईच्या सुरूच्या बागेपर्यंत गेलेली पुळण. पूर्वेला महामार्ग ओलांडला की तुंगारेश्वरचा डोंगर आणि त्याच्या पलीकडे पारोळ, भाताणे, उसगाव, वज्रेश्वरीकडचे माळ. मधे रेल्वेच्या दोन्ही अंगांना दाटलेलं शहर. नाशिकच्या कारखान्यातून २०२० मध्ये नवी थार बाहेर पडली, २०२३ मध्ये मारुतीची जिम्नी आली, पुण्याच्या फोर्स कंपनीची गुरखा आधीपासून होतीच. जी गाडी पूर्वी लष्कर, वनखातं आणि डोंगराळ गावांतले वाहतूकदार यांच्यापुरती होती ती आता नालासोपाऱ्याच्या सोसायटीत उभी दिसते. चारही चाकांना ताकद देणारा तो छोटा दांडा वर्षभर जागचा हलत नाही, याची मालकाला चुटपुट लागते आणि ती रास्त आहे. यंत्र ज्या कामासाठी घडवलं ते काम त्याच्याकडून करून घ्यावंसं वाटणारच.

प्रश्न एवढाच की कुठे. बहुतेक जण उत्तर जमिनीच्या रूपात शोधतात: वाळू आहे का, चिखल आहे का, चढ कसा आहे. माझं म्हणणं आहे की शोध दप्तरातून सुरू व्हायला हवा. महाराष्ट्रात बिनमालकीची जमीन नावाची गोष्टच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार जी जमीन दुसऱ्या कोणाच्या मालकीची नाही ती सरकारची. नदीनाल्यांची पात्रं आणि भरतीच्या रेषेखालचा किनाराही त्यात आला. म्हणजे डांबर सोडून चाक जिथे कुठे टेकेल तिथे एक मालक आहे, आणि त्याची परवानगी आहे किंवा नाही.

दुसरा एक समज आधीच दूर करायला हवा. रस्ता सोडला की वाहतुकीचा कायदा मागे राहिला, असं अनेकांना वाटतं. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'सार्वजनिक जागा' म्हणजे जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे अशी कोणतीही जागा. तिथून पुढे वाट जाते की नाही याला महत्त्व नाही. समुद्रकिनारा, यात्रेचं मैदान, नदीचा घाट हे सगळं त्यात येऊ शकतं. धोकादायक चालवण्याबद्दलचं कलम १८४ आणि लेखी परवानगीविना शर्यत किंवा वेगाची चाचणी घेण्याबद्दलचं कलम १८९ तिथेही पाठ सोडत नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेतलं बेदरकारपणे वाहन चालवण्याचं आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचं अशी कलमं आहेतच.

पुळण

वसईकराचा पहिला विचार समुद्राचा असतो, म्हणून तिथे थोडं थांबू.

सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांमध्ये वाळूचे उंचवटे, कांदळवनं, कासवांच्या विणीच्या जागा आणि पक्ष्यांची घरटी असलेले भाग सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या वर्गात आहेत. भरती-ओहोटीच्या मधला पट्टाही पहिल्याच वर्गात येतो. सुरूच्या झाडांपुढे वाऱ्याने रचलेले वाळूचे बुटके उंचवटे गाडीवाल्याला खेळण्यासाठी अगदी योग्य वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यावर पसरणाऱ्या समुद्रवेलीची मुळं ती वाळू धरून ठेवतात. एका दुपारी चार गाड्या त्यावरून वरखाली गेल्या की वेल तुटते, वाळू मोकळी होते आणि पुढच्या पावसाळ्याच्या लाटा तिथून आत शिरतात. मागे असतात ती वाडवळ आणि सामवेदी कुटुंबांची केळीची, पानवेलीची, फुलांची वाडी आणि त्यांच्या गोड्या पाण्याच्या विहिरी. याच भागात बावखलं नावाची जुनी तळी आहेत, जी पावसाचं पाणी साठवून खाऱ्या पाण्याला अडवून धरतात. किनारा आत सरकला की त्यांच्यावरचा ताण वाढतो.

कोळीवाड्यांचा प्रश्न वेगळाच. अर्नाळा असो की वसईचा पाचूबंदर, पुळण हे तिथलं कामाचं अंगण आहे. बोटी ओढून ठेवलेल्या असतात, जाळी पसरलेली असतात, बांबूंवर बोंबील वाळत असतात, वाळूवर जवळा आणि सुकट घातलेली असते. बायका मासळी उलटवत असताना शेजारून गाडी धूळ उडवत गेली तर त्या मालाला भाव येत नाही. ही जागा सातबाऱ्यावर त्यांच्या नावावर नसेल, पण पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट त्यांची आहे, आणि तिचा मान ठेवायला कायद्याचं कलम दाखवावं लागू नये.

आणि भरती. मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या दोन-तीन दिवसांत उधाण असतं आणि तेव्हा भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. सुरुवातीला हळू, मधे जोरात, शेवटी पुन्हा हळू. चार मीटरच्या भरतीतलं जवळजवळ दोन मीटर पाणी मधल्या दोन तासांतच चढतं. कळंब-राजोडीसारख्या सपाट पुळणीवर दोन मीटर उंची म्हणजे आडवं बरंच मोठं अंतर. ओहोटीला घट्ट, चकचकीत दिसणारी वाळू आतून पाण्याने भरलेली असते. चाक जागच्या जागी फिरलं की वाळूच्या कणांमधला आधार सुटतो, ती पातळ होते आणि गाडी आसापर्यंत खाली बसते. मग गावातून ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दारांशी पोचलेलं असतं. खाऱ्या पाण्यात भिजलेली वायरिंग आणि ब्रेक पुढे अनेक महिने त्रास देतात. कोकण किनाऱ्यावर अशा अडकलेल्या गाड्यांच्या मालकांवर गुन्हे नोंदवले जातात, आणि ते बरोबरच आहे; त्या गाडीतलं तेल आणि डिझेल समुद्रातच जातं.

गोव्यातही किनाऱ्यावर गाडी नेणाऱ्यांवर कारवाई होते. मोरजी, आगोंद, गालजीबाग या तिथल्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वाळूत चाकांनी पडलेला खोल चर माणसाला काहीच वाटत नाही, पण अंड्यातून निघून पाण्याकडे जाणारं बोटभर लांबीचं पिल्लू त्यात अडकतं. आपल्याच पालघर जिल्ह्यात डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. तेव्हा पुळण हे उत्तर नव्हे, अर्नाळ्याला नाही आणि केळव्यालाही नाही.

खाडीच्या बाजूचं तर बोलायलाच नको. नायगाव, उमेळा, जूचंद्रकडच्या खाजणांत आणि मिठागरांच्या कडेला चिखल भरपूर आहे आणि बांधावरून गाडी जाईल असंही वाटतं. पण कांदळवनांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि १७ सप्टेंबर २०१८ ला अंतिम निकाल. त्यानुसार राज्यातली कांदळवनं आणि त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा संरक्षित आहे, जमीन सरकारी असो वा खासगी. मिठागराचा बांध फुटला तर एका हंगामाचं मीठ जातं.

डोंगराकडची बाजू

तुंगारेश्वर २००३ मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येला तानसा यांच्या मधला हा दुवा आहे, बिबट्यांच्या ये-जा करण्याचा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं कलम २७ अभयारण्यात कोण जाऊ शकतं हे मोजून सांगतं: कामावरचे सरकारी नोकर, परवानगी मिळालेले लोक, आत ज्यांची स्थावर मालमत्ता आहे ते, त्यांच्यावर अवलंबून असणारे, आणि सार्वजनिक रस्त्याने पार जाणारे. तुंगारेश्वरच्या देवळापर्यंत भाविक जातात ते वनखात्याच्या नियमांखाली. त्या वाटेला फुटणाऱ्या लाल मातीच्या पायवाटा कितीही मोहक असल्या तरी त्या गाडीसाठी नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याखाली दंडाची कमाल रक्कम २५ हजारांवरून एक लाख झाली आहे, आणि तीन वर्षांपर्यंतची कैद आधीपासून आहे.

अभयारण्याबाहेर आलो की सुटलो, असंही नाही, आणि इथे पालघर-ठाण्याचा एक खास गुंता आहे जो बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतो. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ नुसार ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वनं शासनाकडे निहित झाली. त्यातल्या कित्येक जमिनींच्या नोंदी वर्षानुवर्षं अर्धवट राहिल्या. त्यामुळे असं होतं की एखादा माणूस 'ही आमच्या आजोबांची जागा' असं मनापासून सांगतो, कर भरल्याच्या पावत्याही दाखवतो आणि सातबाऱ्यावर 'राखीव वन' हा शेरा असतो. याच कायद्यावरून मुंबई परिसरातली मोठमोठी प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१४ मध्ये महत्त्वाचा निकाल आला. त्याच्याही आधी, १२ डिसेंबर १९९६ ला, गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की जंगल म्हणजे शब्दाच्या रूढ अर्थाने जंगल, मालकी कोणाचीही असो. म्हणून साग-ऐनाची झाडी असलेल्या उतारावर मालकाची तोंडी 'हो' पुरेशी नाही.

मग उरतात वरकस माळ आणि भातशेती. दिवाळीनंतर भात कापलं की पारोळपासून वाड्यापर्यंत खाचरं रिकामी दिसतात. ती रिकामी नसतात. कित्येक ठिकाणी उरलेल्या ओलीवर वाल आणि हरभरा पेरलेला असतो, रोपटी लहान असतात म्हणून लांबून कळत नाही. उन्हाळ्यात राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण अंथरून जाळतात. त्या काळ्या तुकड्यावरून चाक गेलं की महिनाभराच्या मेहनतीवर पाणी पडतं. खाचराचा बांध हा तर शेतीचा प्राण. दीड-दोन टनांची गाडी चढून गेल्यावर खचलेला बांध पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात फुटतो आणि खालच्या चार शेतकऱ्यांची लावणी त्याबरोबर जाते.

ही जमीन बहुतांशी वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा कुटुंबांची आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा हे तालुके आणि वसई तालुक्यातलीही काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकत, गहाण किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. पाच वर्षांहून जास्त मुदतीचा पट्टा किंवा विक्री असेल तर राज्य शासनाचीही पूर्वसंमती. 'आम्ही दोन वर्षांसाठी पाच एकर घेतले आहेत, इथे ट्रॅक केला आहे' असं कोणी सांगत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की मूळ खातेदार कोण आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश कुठे आहे. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, मला कळतं. पण या जिल्ह्याचा जमीन हडपण्याचा इतिहास मोठा आहे आणि आपल्या रविवारच्या मजेने त्यात भर पडू नये.

गायरानाचंही तेच. गावाची गुरं चरायला राखलेली जमीन ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिसते म्हणून सरपंचांना विचारून गाड्या घातल्या जातात. सार्वजनिक वापराच्या अशा जमिनींच्या रक्षणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग प्रकरणात स्पष्ट आदेश दिले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने त्यावर निर्णय काढला. सरपंचांच्या तोंडी होकाराने तो ओलांडता येत नाही.

गाव नकाशातली तुटक रेषा

इतकं सगळं 'नाही' ऐकल्यावर वाचकाने निराश व्हावं असं मला वाटत नाही, कारण खरी संधी आता येते आणि ती बहुतेकांनी पाहिलेलीच नसते.

प्रत्येक गावाचा एक नकाशा असतो. भूमी अभिलेख खात्याकडे मिळतो, भूनकाशाच्या सरकारी संकेतस्थळावरही दिसतो. त्यावर गट क्रमांकांच्या हद्दींबरोबर वाटाही काढलेल्या असतात. तुटक दुबार रेषा असेल तर तो गाडीमार्ग: बैलगाडी जाईल असा, रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा असेल तर पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. पहिल्यावरून चाकाला वाट आहे, दुसऱ्यावरून नाही. याशिवाय जिल्हा परिषदेच्या नोंदीतले ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग असतात, ज्यांच्यातले काही आजही मातीचे किंवा खडीचे आहेत. पावसाने ओघळलेले, मधे ओढे, कडेला करवंदीच्या जाळ्या. असा रस्ता गाडीची आणि चालवणाऱ्याची चांगली परीक्षा घेतो आणि तो पूर्णपणे कायदेशीर आहे. नोंदणी, विमा, परवाना आणि संयम एवढंच लागतं.

याचा उपयोग कसा करायचा? मोबाईलमधल्या उपग्रहचित्रावर तपकिरी रेघ दिसली की लोक तिच्या मागे जातात. त्या रेघेची चार वेगळी मुळं असू शकतात: खरा गाडीमार्ग, वनखात्याची गस्तीची वाट, कोणाच्या तरी मुरुमाच्या ट्रकांनी पाडलेली वाट, किंवा उच्चदाब वाहिनीखाली झाडं तोडून केलेला पट्टा. चित्रात चारही सारखे दिसतात. गाव नकाशा बाजूला ठेवून पाहिला की पहिली वेगळी ओळखू येते. ती वाट ज्या गटांतून किंवा ज्यांच्या हद्दीवरून जाते त्यांचे सातबारे महाभूलेखवर पाहायचे. नमुना सातमध्ये भोगवटादाराचं नाव आणि वर्ग, 'इतर हक्क' या रकान्यात वनाचा किंवा ३६-अ चा शेरा, नमुना बारामध्ये पीक. नंतर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जाऊन खात्री करायची. अर्धा दिवस जातो. पण एकदा केलं की ती वाट आपली झाली, पुढची अनेक वर्षं तिथून निर्धास्त जाता येतं.

लांब जायची तयारी असेल तर वाड्याहून खोडाळा, मोखाडा, सूर्यमाळकडची बाजू किंवा जव्हारच्या भोवतालचे ग्रामीण मार्ग पाहावेत. मोखाड्यात पुढे वैतरणेच्या खोऱ्यातून त्र्यंबक-इगतपुरीकडे निघता येतं. डांबराचे आणि कच्चे तुकडे आलटून पालटून येतात. शाळा सुटायच्या वेळी मुलं रस्त्याने चालत घरी जात असतात, म्हणून वेग माणसाच्या चालीचा ठेवावा. पाड्यातून जाताना खिडकी खाली घेऊन दोन शब्द बोलावेत. पुढचा ओढा भरला आहे का, हे तिथल्या आजोबांइतकं नेमकं कोणतंही ॲप सांगत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटांवर मोठं भांडण झालं आहे. तिथे प्रत्येक परगण्याने सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा ठेवायचा आणि कोणत्या वाटेवर पायी, कोणत्यावर घोड्यावरून, कोणत्यावर मोटारीने जाता येईल हे त्यात नोंदवायचं, अशी पद्धत आहे. २००६ च्या कायद्याने ज्या वाटांवर मोटारीचा हक्क नोंदलेला नव्हता तिथे तो बऱ्याच अंशी संपला. फ्रान्सने तर १९९१ मध्येच नैसर्गिक भागांत नोंदलेल्या रस्त्यांबाहेर मोटार नेण्यावर बंदी घातली. आपल्याकडचा गाडीमार्ग बैलगाडीसाठी आहे, तरीही तो नकाशात जिवंत आहे. लोकांनी तो जपून वापरला तर राहील. पावसाळ्यात उखडून टाकला तर गावकरीच आडवा दगड टाकतील आणि त्यांचं बरोबर असेल.

मैदानं

उभा चढ, खोल चर, एक चाक हवेत ठेवणारे खड्डे, कमरेइतकं पाणी हे ज्यांना हवं आहे त्यांनी रस्ता शोधू नये, मैदान शोधावं. महिंद्राने इगतपुरीजवळ ऑफ-रोड चालवण्याचं प्रशिक्षण देणारं मैदान उभारलं. वसईहून ते अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचं. अशा ठिकाणी शिकायला मिळतं ते चढ चढण्यापेक्षा उतार उतरणं, ब्रेक न दाबता इंजिनाच्या ताकदीवर गाडी धरणं, आणि अडकलेली गाडी दुसऱ्याचा जीव न घालवता बाहेर काढणं. ओढदोर कुठे अडकवायचा, माणसांनी किती लांब उभं राहायचं, हे पुस्तकातून येत नाही. लोणावळ्याजवळ डेला ॲडव्हेंचरसारख्या उद्यानांत त्यांच्याच एटीव्ही आखलेल्या मार्गावर चालवायला मिळतात; तिथे स्वतःची गाडी न्यायची नसते, पण मुलांना आणि नवख्यांना सुरुवात म्हणून ते ठीक आहे.

स्पर्धांचं जग वेगळं. भारतात मोटारक्रीडेची मान्यताप्राप्त संघटना म्हणजे १९७१ मध्ये स्थापन झालेली एफएमएससीआय. तिच्या परवानगीने होणाऱ्या स्पर्धेत वैद्यकीय मदत, अग्निशमन, चालकाचा परवाना, हेल्मेट-पट्टे यांचे नियम ठरलेले असतात. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा होऊ लागली. मूळ मलेशियातली, १९९७ ची. ती पाहायला जाणंसुद्धा शिकवून जातं. क्लबांच्या रविवारच्या फेऱ्यांत सामील होताना मात्र विचारावं: जागा कोणाची, लेखी संमती आहे का, पोलीस ठाण्याला कळवलं आहे का, गाडीमागे पैसे घेत असतील तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का. चांगला क्लब हे कागद आनंदाने दाखवतो.

गाडीचेही कागद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. पुढे लावायचे लोखंडी बुल बार डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने बेकायदा ठरवले. आणि विम्याच्या पॉलिसीत एक ओळ असते जी फार कमी जण वाचतात: आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी यांसाठीचा वापर विम्यात धरलेला नाही. ओढ्यात इंजिनात पाणी शिरून ते निकामी झालं तरी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घेतलेलं नसेल तर भरपाई मिळणं कठीण.

आता एक सुचवणूक. अमेरिकेत १९७१ च्या कायद्याने कॅलिफोर्नियाने रस्त्याबाहेरच्या गाड्यांसाठी स्वतंत्र सरकारी कार्यक्रम सुरू केला. इंधनावरच्या कराचा आणि नोंदणी शुल्काचा काही भाग आखलेली मैदानं चालवायला आणि झीज भरून काढायला जातो. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने संघराज्याच्या जमिनींवर अशा गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही हे ठरवून देणं खात्यांवर बंधनकारक झालं. आपल्याकडे अशी व्यवस्था उभी राहिलेली नाही, आणि ती नसल्यामुळे माणसं पुळणीवर जातात. वसई पूर्वेला कामण-पोमणच्या पट्ट्यात दगडखाणी आहेत. खाणकाम संपलेली जागा म्हणजे उघडा खडक, पायऱ्यापायऱ्यांचे कडे, मुरुमाचे ढीग. तिथे पीक नाही, कांदळवन नाही, बोंबील वाळत नाहीत. पाणी साठलेल्या भागाला भक्कम कुंपण, कड्यांना बांध, दारात नोंदवही आणि रुग्णवाहिका एवढं केलं तर महसूल खातं आणि महापालिका मिळून अशी एक जागा ठराविक रविवारी खुली करू शकतात. शुल्कातला वाटा शेजारच्या गावाला मिळावा आणि तिथलीच तरुण मुलं ओढगाडी चालवायला, मार्ग दाखवायला नेमावीत. मला ही मागणी रास्त आणि साधी वाटते. ती क्लबांनी एकत्र येऊन पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मांडायला हवी.

तोवर खासगी जमिनीचा मार्ग उरतो. ओळखीच्या कोणाची बिगर-आदिवासी, वनाचा शेरा नसलेली, झाडी नसलेली वरकस जमीन असेल आणि मित्रमंडळी पैसे न आकारता एखादा दिवस तिथे गाड्या चालवणार असतील तर मालकाची संमती हा मुख्य आधार. कायम ट्रॅक करून धंदा करायचा तर बिनशेती वापराचे नियम पाळावे लागतात, आणि मुरूम उकरून बाहेर नेला तर गौण खनिजाचा दंड वेगळा. संमती कागदावर घ्यावी: गट क्रमांक, तारीख, वेळ, गाड्यांची संख्या, गाड्या कोणत्या भागात जातील त्याचा हाताने काढलेला नकाशा, खचलेला बांध किंवा मोडलेलं कुंपण कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करेल. एक प्रत पोलीस पाटलांना. दिवस कापणीनंतरचा आणि होळीच्या आसपासचा निवडावा, जमीन कोरडी असते. जूनपासून भात घरात येईपर्यंत विचारूही नये. आणि सातबाऱ्यावर पाच भावांची नावं असतील तर पाचही सह्या घ्याव्यात. संमती देणारा बहुधा गावात राहणारा भाऊ असतो, पण वाटणी झालेली नसेल तर ज्या उतारावर तुम्हाला जायचं आहे तो कदाचित भाईंदरला नोकरी करणाऱ्या धाकट्याच्या हिश्शात पडायचा असतो.